वजीरची जप्ती

मी वजीर बोलतोय. खिलार बैल, शर्यतीचा. नांगराला कधी जुंपला गेलो नाही, आणि ते सांगताना लाजतही नाही.

चौऱ्याण्णव साली बेल्ह्याच्या बाजारात महाळुंगे पडवळच्या संपतने मला घेतलं. दात तीनदा पाहिले, शेपूट पिरगाळलं, पाठीवर थाप मारली. बायको करतानाही त्याने एवढं पाहिलं नसेल. तिचं नाव शीला. मला या घरातली पहिली भाकर तिनेच भरवली.

पुढे मला रोज दोन लिटर दूध आणि सहा अंडी सुरू झाली. तिच्या मुलीला, वैष्णवीला, चहापुरतं दूध. शीलाने एकदा विचारलं, "पोरीनं काय पाप केलं?"

"पोरगी शर्यतीत पळणार हाय का?" संपत म्हणाला. वर हात उचलला.

ती पोरीला घेऊन वारूळवाडीला आईकडे गेली. शहाणी बाई. मला दावं होतं, नाहीतर मीही गेलो असतो.

कोर्टाने मायलेकींना मिळून दरमहा आठशे पोटगी ठरवली. संपतने दोन महिने दिली, मग बंद. अकरा महिने थकले तेव्हा शीला परत कोर्टात गेली आणि वसुलीचं वॉरंट निघालं. म्हणजे पोलिसांनी त्याची चीजवस्तू उचलायची, विकायची, पैसे बाईला द्यायचे. तेवढ्यानेही भागलं नाही, तर माणसालाच आत टाकायचं. मला बैलाला हे कळलं. संपतला कळत नव्हतं.

हवालदार घरी आले. संपतची आई, चिमाबाई, दारातच बसली. "एक खाट हाय, तीबी मोडकी. न्या."

हवालदारांनी गोठ्यात डोकावलं. मी अंडी खात होतो.

"हा कुणाचा?"

"धाकल्या भावाचा. नवनाथचा," संपत म्हणाला. नवनाथनेही मान हलवली. भावाचा बैल उचलता येत नाही. हवालदार खाटेकडे बघून निघून गेले.

तेव्हापासून शर्यतीतही संपत माझी नोंद नवनाथच्या नावावर करू लागला. फार हुशार माणूस. पण अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात गावच्या यात्रेला आमचा गाडा असा पळाला, की बघणाऱ्यांच्या टोप्या उडाल्या. पहिला नंबर. भोंग्यावर पुकारणारा खंडू ओरडला, "गाडामालक नवनाथशेठ! वाघ हाय, वाघ!" लोकांनी नवनाथला उचलून मंडपात नेलं आणि फेटा बांधायला घेतला.

संपतने हे किती सोसलं? फेट्याचे दोन वेढे. मग तो मंडपात घुसला आणि खंडूच्या हातातला माईक ओढला.

"ओ खंडूभाऊ, नाव नीट घ्या राव! वजीर माझा हाय! बाजारची पावती माझ्या नावची हाय! नवनाथला शेण काढायला ठेवलाय!"

हवालदार तिथेच बंदोबस्ताला होते. त्यांनी टोपी सारखी केली. "संपतराव, ते पावतीचं जरा परत बोला. लई महत्त्वाचं हाय."

पंचनामा जागेवरच झाला. पंच शोधावे लागले नाहीत, सगळ्या यात्रेने ऐकलं होतं.

मी तीन दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात बांधून होतो. अंडी नाहीत, दूध नाही, कडबाही शिळा. चौथ्या दिवशी संपतने सगळी थकबाकी भरली. रविवारी शेजारच्या गावची शर्यत होती, म्हणून.

शीला कोर्टातून पैसे घेऊन निघाली आणि वाटेत ठाण्यात आली. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "नीट राहा रं बाबा. पोरीची शाळा तुझ्या पायांवर हाय."

पुढे पोटगी दर महिन्याला वेळेवर जाऊ लागली. मुलीसाठी नव्हे. माझ्यासाठी. मीही जोवर पळता आलं तोवर पळलो.

आता दोन हजार पाच साल आहे. माझे गुडघे गेले. अंडी बंद झाली, आणि चार महिने झाले, पोटगीही बंद झाली. वैष्णवी दहावीला आहे. शीलाने परत अर्ज दिलाय.

हवालदारसाहेब, या खेपेला गोठ्याकडे येऊ नका. मला उचलून कुणाला काही मिळायचं नाही. सरळ संपतलाच न्या. तो पळेल. पळू द्या. मी त्याला पळताना पाहिलंय, ओढ्यापर्यंतच त्याला दम लागतो.