रिकामा मॅक्रो

गोदूबाईंच्या उजव्या हाताला प्लॅस्टर बसलं आणि दुसऱ्याच दिवशी भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या एका इमारतीत लिफ्टशेजारी नोटीस लागली. कामवाल्या बायकांनी यापुढे जिन्यानेच ये-जा करावी. खाली सेक्रेटरी शैलाताईंची सही, बँकेतून रिटायर झालेल्या माणसाची असते तशी घोटीव. चौथ्या मजल्यावरच्या संपदाने ऑफिसला निघताना ती वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

झालं होतं ते एवढंच. गोदूबाई जवळच्या राई गावाहून येऊन या इमारतीत धुणीभांडी करायच्या. त्या दिवशी लिफ्ट वर निघाली आणि त्यांचा पदर जाळीच्या दारात अडकला. चालत्या लिफ्टचं दार जरासं ओढलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते, हे इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गोदूबाईंनी दार ओढलं. लिफ्ट थांबली नाही. पदर सोडवायला गेलेला हात मजल्याच्या कडेत सापडला आणि बोटं मोडली.

शैलाताईंच्या मते बाई चक्क खोटं बोलत होती. दार उघडं असताना लिफ्ट चालेलच कशी? घाईत हिनेच नको तिथे हात घातला असणार आणि आता सोसायटीवर ढकलते आहे. कमिटीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. माना डोलावायला कुणाचं काय जातं? त्यांतल्या निम्म्यांच्या घरची भांडी त्याच हाताने घासली जात होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

संपदाच्या रागाला आणखी एक कारण होतं. लिफ्टचं नवं कंट्रोल पॅनेल तिच्याच कंपनीचं होतं. भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधली छोटीशी कंपनी, मालक नीरज. पॅनेलच्या आत जी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालते तिचा गाभा, म्हणजे कर्नल, वर्षानुवर्षं संपदाच लिहीत आली होती. आमचंच पॅनेल घ्या, डोळे मिटून घ्या, असं सोसायटीला सांगणारीही तीच.

ऑफिसात पोचल्यावर तिने चहासुद्धा न घेता कोड उघडला.

माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर. कंपायलर अनेक, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. एकाला सांगितलेलं दुसऱ्याला तसंच कळेल याची खात्री नाही. म्हणून संपदाने एक वेगळी फाइल केली होती. तिच्यात आपले काही ठरावीक शब्द, ज्यांना मॅक्रो म्हणतात, आणि प्रत्येक शब्दापुढे या कंपायलरसाठी त्याचा अर्थ हा, त्या कंपायलरसाठी तो. बाकीच्या कोडमध्ये नुसता शब्द लिहायचा, कंपायलरची काळजी ती फाइल करणार. त्यांतला एक शब्द होता ‘रीड अगेन’. दार उघडं आहे की बंद, हे दर वेळी वायरीवरून ताजं वाचून घे, मघाशी वाचलेल्यावर विसंबू नकोस, एवढाच त्याचा अर्थ.

मध्यंतरी संपदा रजेवर असताना नीरजने कंपायलर बदलला होता. नवा कंपायलर फार हुशार. लिफ्ट चालू असताना कोडमधलं कुणी दाराला हात लावत नाही असं त्याने पाहिलं, आणि मग दार दर वेळी कशाला बघायचं, एकदाच बघून बंद धरून चालू, असं त्याने परस्पर ठरवलं. या हुशारीला लगाम घालायलाच तर ‘रीड अगेन’ होता. आणि त्या शब्दापुढे, नव्या कंपायलरच्या रकान्यात, काहीच नव्हतं. जागा रिकामी. कोडमध्ये शब्द जिथल्या तिथे दिसत होता, वाचणाऱ्याला वाटावं बंदोबस्त चोख आहे, आणि अर्थ शून्य.

अनोळखी कंपायलर आला तर काम तिथेच थांबावं म्हणून संपदाने फाइलच्या शेवटी एक ओळ घातली होती. ती ओळही गायब होती. कुणी काढली ते कोडच्या इतिहासात स्वच्छ होतं. नीरजने. शेरा दिला होता, बिल्ड अडत होतं, म्हणजे प्रोग्रॅम तयारच होत नव्हता.

अडवण्यासाठीच होती ती, असं संपदा मोठ्याने म्हणाली तेव्हा शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. पूर्वी दाराची वायर सरळ मोटरच्या सर्किटमधून जायची, दार उघडलं की वीजच तुटायची. तेही नीरजने काढलं होतं. सॉफ्टवेअर बघेल ना, म्हणाला होता. तेव्हाही ती भांडली होती, आणि तेव्हाही त्याने तिला चहा पाजून गप्प केलं होतं.

या वेळी तिने त्याच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या सगळं सुनावलं. नीरजने नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं. चूक झाली म्हणाला. तू आधी दुरुस्त कर, रविवारी कमिटीसमोर मी स्वतः सांगतो, त्या बाईंची माफीही मागतो. संपदाला ते पटलं. तिने शब्दापुढे नव्या कंपायलरला कळेल असा अर्थ लिहिला, थांबवणारी ओळ परत घातली, पुन्हा पुन्हा तपासलं आणि नवा प्रोग्रॅम नीरजच्या हवाली केला.

रविवारी सकाळी ती खाली उतरली तेव्हा लिफ्टपाशी सगळी कमिटी जमली होती. गोदूबाईंनाही बोलावलेलं होतं. गळ्यात हात बांधून त्या जिन्याच्या पायरीशी उभ्या होत्या. नीरज इस्त्रीच्या शर्टात लिफ्टमध्ये शिरला, दार लावलं, बटण दाबलं. लिफ्ट हातभर वर गेली. त्याने दार ओढलं आणि लिफ्ट जागच्या जागी थांबली. त्याने पुन्हा करून दाखवलं. पुन्हा थांबली.

“बघितलंत ना, सिस्टिम परफेक्ट आहे,” बाहेर येत तो म्हणाला. “घाबरलेला माणूस काहीही सांगतो. त्यांचाही दोष नाही.”

शैलाताईंनी गोदूबाईंकडे पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. गोदूबाई आपल्या प्लॅस्टरकडे बघत राहिल्या. आपल्यालाच भास झाला की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि ते बघताच संपदाला सगळा डाव कळला. तिने केलेली दुरुस्ती पहाटेच पॅनेलमध्ये चढवून या माणसाने तिचीच साक्ष गोदूबाईंच्या विरुद्ध उभी केली होती.

ती दणदण जिना चढून घरी गेली आणि लॅपटॉप घेऊन खाली आली. कुणाला काही न सांगता तिने पॅनेलची पेटी उघडली आणि केबल जोडली. नीरज जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, संपदा, उद्या बोलू. तिने मान वर केली नाही. काम झाल्यावर उठून तिने मेन स्विचवर हात ठेवला आणि शैलाताईंना सांगितलं की गोदूबाईंचा हात मोडला त्या दिवशीचा प्रोग्रॅम आता परत घातलाय. मग ती नीरजकडे वळली.

“आता बस.”

नीरज हसला. म्हणाला, हा काय पोरकटपणा.

“सिस्टिम परफेक्ट आहे ना? तुझी आहे. बस, बटण दाब आणि दार ओढ. मघाशी दोनदा ओढलंस, आणखी एकदा ओढ.”

नीरज जागचा हलला नाही. तो लिफ्टकडे बघत होता, आणि सगळे त्याच्याकडे. शैलाताईंचा हात जाळीवर होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला.

“नको,” नीरज म्हणाला.

“का नको?”

उत्तर गोदूबाईंनी दिलं, पायरीवरून, आवाज न चढवता.

“मला त्या दिवशी कुनी सांगितलं न्हाय, बसू नको म्हनून.”

संपदाने मेन स्विच खाली ओढला. दाराची वायर पुन्हा मोटरच्या सर्किटमधून जाईपर्यंत ही लिफ्ट चालणार नाही, असं तिने सांगितलं. उद्यापासून आपल्याला नोकरी नाही हे तिला कळत होतं, आणि तरी राग काही उतरत नव्हता. तिने गोदूबाईंचा चांगला हात धरून त्यांना वॉचमनच्या खुर्चीवर बसवलं.

नीरज निघून गेला. मग एकेक जण घरी जायला निघाला. शैलाताई सहाव्या मजल्यावर राहतात. त्या आपल्याच सहीच्या नोटिशीसमोर क्षणभर थांबल्या, आणि गुडघ्यावर हात टेकत जिना चढू लागल्या.