टांगलेलं आणि न टांगलेलं

नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून कांचन देवतळे कॅन्ससला पीएच.डी. करायला गेली, तेव्हा घरच्यांनी नातेवाइकांना 'ॲनिमल सायन्स' एवढंच सांगितलं. मांसाचा अभ्यास म्हटलं असतं तर आत्यांनी कान झाकले असते. कांचन स्वतः बीफ खात नसे. पण जनावराला काय चारलं आणि मांस थंडीत किती काळ टांगून ठेवलं, यावर ते लोण्यासारखं होणार की चामड्यासारखं हे ठरतं, याचं तिला भारी कुतूहल होतं.

१९८५ साली तिचे गाइड प्रोफेसर हॉजेस यांना मक्याचं पशुखाद्य विकणाऱ्या एका कंपनीने प्रोजेक्ट दिला. अर्धी जनावरं मक्यावर पोसलेली, अर्धी लोरेन बेकर नावाच्या बाईंच्या कुरणातली, फक्त गवतावर वाढलेली. दोन्हींचं मांस दोन आठवडे कोल्ड रूममध्ये टांगायचं आणि मग तुलना करायची, असं ठरलं होतं.

पण दुसऱ्याच दिवशी हॉजेस म्हणाले, "गवतवाली उतरव आणि फ्रीझरमध्ये टाक. जागा नाहीये."

जागा भरपूर होती. कांचनने तसं सांगून पाहिलं, पण ते ऐकायला थांबलेच नाहीत. नंतर कधीतरी हे मांस प्रयोगातून वगळतील, असं समजून तिने ते उतरवलं.

वगळलं नाही. उन्हाळ्यात युनिव्हर्सिटीच्या मांडवात शेतकरी जमले आणि त्यांच्यापुढे दोन प्लेटी आल्या. मक्याची स्टेक लोकांनी मिटक्या मारत खाल्ली. गवताची चावताना एकाने गालावर हात धरून दात दुखल्याचं सोंग केलं. मांडवभर हशा पिकला. लोरेनबाई समोरच बसल्या होत्या, मान खाली घालून.

"बघितलंत?" हॉजेस माइकवर म्हणाले. "मका नाही, तर मऊपणा नाही!"

कांचनच्या अंगाचा तिळपापड झाला. आकडेमोडीत तिला मदत करणारा गिरीश शेजारीच होता. त्याने तिची बाही ओढली. "गप्प बस यार. तुझी असिस्टंटशिप त्याच्या हातात आहे."

ती उठलीच. "सर, गवताचं मांस किती दिवस टांगलं होतं, ते सांगा ना यांना."

हॉजेस हसले. "आमची कांचन बीफ खात नाही बरं का. तिच्याकडून आपण चव शिकायची!"

पुन्हा हशा.

"चवीबद्दल मी बोलतच नाहीये," कांचन म्हणाली. "मक्याने मांसात चरबीच्या रेषा येतात, चव बदलते, कबूल. पण टांगून ठेवलं की मांस आतून सैल पडत जातं, मऊ होतं. मक्याचं दोन आठवडे टांगलं. गवताचं दुसऱ्या दिवशी फ्रीझ केलं, आणि गोठवल्यावर ते मऊ होणं थांबतं. तुमच्या सांगण्यावरून मीच उतरवलं ते. ही कसली तुलना?"

लोरेनबाई उभ्या राहिल्या. "खरं आहे हे?"

"कोल्ड रूममध्ये जागा नव्हती," हॉजेस म्हणाले.

"अर्धे हुक रिकामे होते!" कांचन म्हणाली.

आता कुणी हसलं नाही. कंपनीची माणसं मात्र घड्याळं बघू लागली.

सोमवारी हॉजेसनी तिला बोलावून, "तू टीममध्ये बसत नाहीस," असं सांगितलं. असिस्टंटशिप गेली, आणि तिच्यासोबत फी-पगारही. "सांगत होतो ना," गिरीश म्हणाला. ती त्याच्यावर इतकी कडाडली की बिचारा दोन दिवस फिरकला नाही. मग स्वतःच तिला ड्राइव्ह करून नेब्रास्काला घेऊन गेला. तिथल्या एका प्रोफेसरबाईंनी तिला घेतलं, पण सगळं काम पहिल्यापासून करावं लागणार होतं.

कांचनने कॅन्सस सोडण्याआधी लोरेनबाईंनी गावच्या खाटकाकडे स्वतःचं एक जनावर दोन आठवडे टांगून शेजाऱ्यांना जेवायला बोलावलं. "थोडं उग्र लागतं," एक म्हातारा खात खात म्हणाला, "पण मऊ आहे की!"

तरी कंपनीचं पत्रक 'मका नाही, तर मऊपणा नाही' हे वाक्य मिरवत पशुखाद्याच्या दुकानादुकानांत लागलंच. नेब्रास्कातल्या लिंकन शहरात एका दुकानात कांचनला ते दिसलं. तिने ते टरकन फाडलं. काउंटरवरचा माणूस ओरडला तेव्हा त्याच्यासमोर उभं राहून तिने कोल्ड रूमची सगळी हकिकत त्याला ऐकवली, आणि पूर्ण झाल्याशिवाय ती जागची हलली नाही.