टेकडीवरचा गहू

टेकडीवरच्या बाईंचं पत्र आलं तेव्हा पेरणीला पाच आठवडे होते. वहीच्या आखीव पानावर पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘पीठ पाठवलं होतं. पाव जमला का? जमला असेल तर यंदा सगळं शेत या गव्हाखाली घेते. नसेल तर नको. आता नुसत्या हौसेने पेरणं होत नाही.’

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही.

आमचं एक मंडळ आहे. नऊ शेतकरी, एक गिरणीवाला, माझा बेकरीवाला भाचा आणि शाळेचं स्वयंपाकघर. लांबून ट्रकने येणाऱ्या पिठाच्या भरवशावर राहायचं नाही. इथलं पिकवायचं, इथेच दळायचं, इथेच भाजायचं. मी यातलं काहीच करत नाही. ग्रंथालयातून निवृत्त झालो, अक्षर बरं आहे, म्हणून चिटणीस झालो.

मंडळाचा एक नियम माझ्याच डोक्यातून निघाला होता. ‘हे पेरू का?’ असं कुणी विचारलं तर होकार लेखी कळवायचा. नकार कळवायचा नाही. पेरणीपर्यंत पत्र आलं नाही, की ज्याने त्याने समजून घ्यायचं, आणि त्यावर कुणी कुणाला विचारायचं नाही. उगाच कुणाचं मन दुखायला नको, असं मी बैठकीत सांगितलं होतं. खरं म्हणजे नकार लिहिणं माझ्याच जिवावर यायचं.

बाईंचा हा गहू त्यांच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. दुसऱ्या कुणाकडे त्याचा एक दाणाही नव्हता. त्यांना ऐकू फार कमी येतं, त्यामुळे फोनचा उपयोग नाही; जे काही ते पत्रानेच.

भाच्याने पाव केला, कापला, वास घेतला आणि एक तुकडा सावकाश चावून खाल्ला. मग म्हणाला, “मामा, हा गहू सोडायचा नाही. आजच कळवा त्यांना.”

मी लिहायला बसलो. ‘पाव उत्तम झाला’ असं लिहिलं आणि थांबलो. भाचा उत्साही. आदल्या वर्षी जवाच्या पावाचं असंच वेड घेतलं होतं, दोन महिन्यांत उतरलं. माझ्या एका ओळीवर बाई अख्खं शेत लावणार! ‘उत्तम’ खोडून ‘समाधानकारक’ केलं. ते वाचून मलाच समाधान वाटेना. कागद फाडला.

“मामा, गेलं का पत्र?”

“लिहितोय.”

“अहो, दोन ओळी! पाव फुगला, गहू पेरा. तुम्ही काय प्रस्तावना आणि परिशिष्टं जोडताय का?”

“यांना काय विचारतोस?” बायको आतून म्हणाली. “मला होकार कळवला तोसुद्धा यांच्या वडिलांनी.”

दोघं हसले. मीही हसलो. पुढच्या आठवड्यात त्याने परत विचारलं तेव्हा, आज टाकायचंच आहे म्हणून, “टाकलं” म्हणून मोकळा झालो. ते आज काही उजाडलं नाही. रोज मसुदा काढायचा, वाचायचा, खणात ठेवायचा. पेरणी आली आणि गेली.

त्यानंतर महिनाभराने एका सकाळी मी बेकरीत गेलो, तर भाचा खुशीत. “खाऊन बघा. या आठवड्याच्या पिठाला काय चव आहे! शाळेतून दोनदा निरोप आला, पोरं आणखी मागतात.”

मी खाल्लं. गोड होता, ताजा. गिरणीवाला पोती उतरवत होता. भाच्याने त्याला विचारलं, “कुणाचं हो हे?”

“टेकडीवरच्या बाईंचं. दोन पोती आणली होती त्यांनी. बाकीच्या गव्हात मिसळून दळलं.”

“त्यांचा तर शेतात उभा असेल ना आता?”

“कुठला? चारा पेरलाय त्यांनी. हे बियाणं होतं. मी म्हटलं, अहो बियाणं कसलं दळता? तर म्हणाल्या, मंडळाला नकोय, किडीच्या तोंडी घालण्यापेक्षा माणसांनी खावं. तुम्हीच ठरवलं असेल म्हणून मी गप्प बसलो. नकाराचं विचारायचं नाही ना आपल्यात.”

भाचा माझ्याकडे वळला. “मामा, तुम्ही टाकलं होतंत ना पत्र?”

तोंडात घास होता. तो गिळवेना, बाहेरही काढता येईना. मी मान हलवली, नाही म्हणून.

त्याने हातातला पाव फळीवर ठेवला आणि हात पुसले. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आम्ही तिघे गिरणीत गेलो. धान्य ओतायचं पेटाडं उघडलं, चाळण्या झटकल्या, रिकामी पोती उलटी केली. शिवणीत अडकलेले सात-आठ दाणे निघाले. गिरणीवाल्याने ते उजेडात धरले. सगळे फुटके.

“हे नाही उगवायचे, चिटणीस.”

“घरी थोडे ठेवले असतील त्यांनी,” मी म्हणालो.

“मी विचारलं होतं. डबेही पुसून ठेवले म्हणाल्या.”

परत येताना भाचा दोन पावलं पुढे चालत होता. कोपऱ्यावर थांबून म्हणाला, “आता तरी कळवा. त्यांना वाटतंय, त्यांचा गहू आपल्याला आवडला नाही.”

“कळवून आता काय होणार?”

“काही नाही होणार,” तो म्हणाला आणि भट्टीकडे गेला.

घरी येऊन लिहायला बसलो. या वेळी एकच कागद लागला. ‘पाव फार चांगला झाला होता. सगळ्यांना तुमचा गहू हवा होता. तुमचं पत्र वेळेवर मिळालं होतं. उत्तर मी लिहिलं नाही.’ क्षमा मागणारं एक वाक्य सुचत होतं. पण ते वाचून बाईंनाच माझी समजूत काढावी लागली असती. ते लिहिलं नाही. तिकीट लावलं, पेटीपर्यंत गेलो आणि पत्र टाकलं.