सकीनाच्या फीचा कागद

मी सकीनाच्या फीचा कागद बोलतोय. माझ्या अंगावर ओळी मोजून चार. पण त्या चार ओळींत पुण्याच्या कॉलेजची चारही वर्षांची फी होती. एका संस्थेने १९४२ साली मला नगरला, सकीनाच्या शाळेच्या पत्त्यावर धाडलं. बुकबाइंडर इब्राहिमची ही मुलगी मॅट्रिकला शाळेत पहिली आली होती.

पाकीट फोडलं हेडक्लार्क आसारामने. वाचता वाचता त्याचा चेहरा पडला. दुसरा नंबर त्याच्या पुतण्याचा, सहादेवचा होता. आठ दिवसांत होकार आला नाही तर शिष्यवृत्ती दुसऱ्या नंबरला जाईल, असं माझ्यातच लिहिलं होतं.

सकीना रोज येऊन विचारायची, "काका, माझं पत्र आलं का?"

"न्हाई, पोरी. मुलींच्या कॉलेजवर कोण पैसा घालतंय?"

मी त्याच्या कोपराखालीच होतो. ओरडता आलं असतं तर!

नवव्या दिवशी त्याने मला पालथं घालून हजेरीपटाच्या पुठ्ठ्याला आतून खळीने चिकटवलं. लढाईमुळे कागदाची टंचाई होती. कुणाला संशय आला नाही. सहादेव पुण्याला गेला. सकीना बापाशेजारी बसून पुस्तकं शिवू लागली. त्या अंधारात मी एकच मागत राहिलो: हा माणूस चारचौघांत उघडा पडू दे.

चार वर्षांनी तो फाटका हजेरीपट बांधणीला इब्राहिमकडेच आला. सकीनाने पुठ्ठा ओला करून मला अलगद सोललं. माझ्यावर स्वतःचं नाव वाचलं. रडली नाही.

"अब्बा, आसारामकाकांचा निरोप समारंभ कधी हाय?" एवढंच तिने विचारलं.

गळ्यात हार घालून बसलेल्या आसारामसमोर उभं राहून तिने मला मोठ्याने वाचलं, तारखेसकट. नुकताच बी.ए. झालेला सहादेव मान खाली घालून निघून गेला.

"चुकलो, पोरी. माफ कर," आसारामने हात जोडले.

"आधी माझी चार वर्षं आणून द्या, काका."

मग तिने मला काचेत घालून दुकानाच्या दारावर लावलं. आसारामचा घरचा रस्ता इथूनच जातो. परवा तो काठी टेकत आला. "आता तरी काढ गं. नातवंडं विचारतात."

सकीना सुई ओवत म्हणाली, "त्यांना वाचता येतं ना? मग वाचू द्या."

आता १९४९ उजाडलंय. उन्हाने माझी शाई उडत चाललीय. तुमच्यापैकी कुणाचं अक्षर चांगलं असेल, तर येऊन माझ्या ओळी पुन्हा गिरवा. आसाराम अजून चालता फिरता आहे.