जाळी नसलेलं चित्र

पाट्या रंगवून मी पोट भरते. लोकांना वाटतं, चार अक्षरं काढली की झालं. काढून बघा म्हणावं! माझी ताई एका छापखान्यात कागद कापते. तिच्या कटिंग मशीनसमोरच्या भिंतीवर 'आमचं काम' असं मोठं चित्र काढायला मला बोलावलं. मॅनेजरने मशीनचं माहितीपत्रक हातात दिलं. "यातलं बघून काढा."

समोर खरं मशीन असताना कागदावरचं कशाला बघू? मी आठवडाभर ताईशेजारी स्टूल टाकून बसले. हात आत जाऊ नये म्हणून पात्यापुढे असणारी जाळी दोन वर्षांपूर्वी काढून टाकली होती, काम भरभर व्हावं म्हणून. त्याच वर्षी ताईच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. मी होतं तसंच काढलं: उघडं पातं, आखूड बोटं. तो हात इतका जिवंत उतरला की माझं मलाच कौतुक वाटलं.

मॅनेजरचा चेहरा मात्र पडला. "जाळी कुठंय? अन् ही बोटं? उद्या पाहुणे येणार आहेत. बोटं पुरी करा, जाळी रंगवा."

"जाळी नाहीच आहे तिथे."

"अहो बाई, चित्र आहे हे! चित्र कधी खरं असतं का? छान दिसलं, बास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खरं नाही, तर एवढे घाबरता कशाला? मशीनला जाळी बसवा, तासाभरात चित्रात बसवते."

ताईने मला बाजूला ओढलं. "अगं, कशाला वाकड्यात शिरतेस? माझी नोकरी जाईल."

"आणि उरलेली बोटं गेली तर?"

ती मशीनकडे परत गेली. मी ब्रश गुंडाळले आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी शिडी न्यायला गेले, तर चित्रात चकचकीत जाळी होती. कुणा दुसऱ्या रंगाऱ्याने ताईची बोटंही पुरी करून टाकली होती. रागाने मला रडूच आलं. ताई चित्रापुढे उभी होती, बराच वेळ.

पाहुणे आले. मॅनेजर म्हणाला, "चला, मशीन सुरू करा. पाहुण्यांना दाखवू."

ताई जागची हलली नाही. तिने उजवा हात सगळ्यांसमोर वर धरला. पाहुणे एकदा हाताकडे, एकदा भिंतीकडे बघायला लागले.

"त्या भिंतीवरच्या बाईला सांगा, साहेब," ताई म्हणाली. "तिला बोटंही आहेत अन् जाळीही. आजपासून कागद तिच्याकडूनच कापून घ्या."