इतिवृत्तात न आलेलं

मधुकर पाटणकरांनी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला, परत एकदा पुसला आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला घेतलं. पहिल्याच ओळीला आवाज बसला. खाली पिठाची गिरणी घरघरत होती म्हणून बरं.

"जरा मोठ्याने, मधुकरराव," शुभाताई म्हणाल्या. "गिरणीला ऐकवायचं नाहीये, आम्हाला ऐकवायचंय."

मुलुंड पूर्वेच्या त्या वाचनालयात महिन्यातून दोन शनिवारी, संध्याकाळी पाचला वाचक कट्टा भरायचा. दोन टेबलं जोडायची, भोवती सात-आठ खुर्च्या मांडायच्या, की झाला कट्टा. पण शुभाताईंनी बावीस वर्षं शाळा चालवलेली. त्यामुळे मागच्या बैठकीत कोण काय बोललं ते वाचून, सगळ्यांनी मान्य करून, त्याखाली त्यांची सही झाल्याशिवाय नव्या पुस्तकाचं नावसुद्धा निघायचं नाही. लिहिण्याचं काम मधुकररावांकडे होतं. महापालिकेच्या पाणी खात्यात तेहेतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली होती. स्वतः बोलायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही, आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं.

मागच्या बैठकीत चर्चा झाली होती ती 'पापणीआडचं बंदर' या कादंबरीवर. लेखकाचं नाव नुसतं निहार. झोपी गेलेली सगळी माणसं एका नावेतून ज्या बंदराला लागतात, त्या बंदराची ती गोष्ट. जाग येण्याआधी तिथलं सगळं तिथेच धक्क्यावर ठेवून यायचं, असा नियम. आणि ईशा नावाची मुलगी मुठीत एक शिंपला लपवून आणते. तेजलने ते पुस्तक भेट आलेल्या पुस्तकांच्या खोक्यातून मुखपृष्ठ पाहून उचललं होतं. त्या खोक्यात ते कोणी टाकलं, हे एकट्या मधुकररावांना ठाऊक होतं. निहार कोण, हे त्यांना आणि त्यांच्या बायकोला.

आता त्यांच्या पायाशी एक कापडी पिशवी होती आणि पिशवीत सात वह्या होत्या. कादंबरीचा दुसरा भाग, अडीच वर्षांचं काम. मागच्या बैठकीनंतर त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की हा खेळ पुरे. येताना रद्दीच्या दुकानात त्या टाकायच्या होत्या. पण दुकानदार चहाला गेला होता. परतताना टाकू, असं म्हणून ते जिना चढले होते. घरातून निघताना वनमालाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "वह्यांचं काय करायचं ते करा. पिशवी तेवढी परत आणा. माझी भाजीची आहे ती."

मधुकररावांनी घसा साफ केला.

"'श्री. देवदत्त खानोलकर यांनी मत मांडले की, कादंबरीची कल्पना जुनी असून तिचा पाया कच्चा आहे. सातव्या प्रकरणातील बाजाराचे वर्णन लांबलेले आहे. अकराव्या प्रकरणात नावाडी एक शब्दही बोलत नाही, ते लेखकाला संवाद लिहिता येत नसल्यामुळे. शेवट लेखकाला पेललेला नाही. त्याने पुन्हा या फंदात पडू नये, असेही त्यांनी सुचवले.'"

"एक मिनिट, एक मिनिट." देवदत्त खानोलकर खुर्चीत पुढे सरकले. बँकेतून निवृत्त होऊन ते आता सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि कागदावर आपलं नाव कुठे, कसं येतं याकडे त्यांचं बारीक लक्ष असे. "हे मी बोललो?"

"साधारण... आशय असा होता."

"कसला आशय? मी म्हणालो, मला मुळात झोपच लागत नाही, तर स्वप्नाचं पुस्तक घेऊन काय करू! चौथ्या प्रकरणात सोडलं मी ते. हे अकरावं प्रकरण तुम्ही कुठून आणलंत?"

तेजल खुदकन हसली. कट्ट्यात सगळ्यात लहान तीच. "देवदत्तकाका, तुमच्या नावावर कोणीतरी पीएचडी करून टाकली."

"राहू दे, राहू दे. लिहिलंय मात्र झकास. इतका विद्वान मी माझ्या बायकोलासुद्धा कधी वाटलो नाही."

सगळे हसले. शुभाताई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला आणि काचांच्या वरून मधुकररावांकडे पाहिलं.

"पुढे वाचा."

"'कु. तेजल शहा यांनी पुस्तकात नकाशा नसल्याची उणीव दाखवून दिली.'"

"काका, काय हे! मी म्हटलं, नकाशा हवा होता, कारण मला तिथे जायचंय. ते 'जायचंय' कुठे गेलं?"

मधुकररावांनी समासात बारीक अक्षरात काहीतरी टिपलं. बोटाला शाई लागली. खाली आता एकच वाक्य उरलं होतं. ते त्यांनी भरभर वाचलं.

"'श्रीमती सुगंधा गावडे यांनी पुस्तक बरे असल्याचे सांगितले. आभारप्रदर्शनानंतर बैठक संपली.'"

सुगंधा टेबलाच्या टोकाला बसली होती. भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती काउंटरवर असायची. कट्ट्याला यायला लागून तिला चारच महिने झाले होते. ती पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली.

"मी दहा मिनिटं बोलले होते हो," ती शेवटी म्हणाली. रागावून नाही, घरात ठेवलेली वस्तू जागेवर नसली की माणूस बोलतो तसं. "थोडी रडले पण होते. ते नका लिहू. पण बाकीचं..."

"जागा कमी पडली," मधुकरराव म्हणाले.

रजिस्टर टेबलावर उघडंच होतं. त्या वाक्याखालचं अर्धं पान कोरं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

जागेचा प्रश्न नव्हताच. त्या रविवारी सकाळी त्यांनी सुगंधाचं बोलणं तीनदा कच्च्या कागदावर उतरवलं होतं आणि तिन्ही कागद फाडले होते. तिचे शब्द त्यांच्या अक्षरात आले की खोटे वाटायचे. मुलगी दाखवायला बसवून बापानेच तिच्या रंगारूपाची तारीफ करावी तसे. देवदत्तांचं बोलणं लिहायला घेतलं, तेव्हा मात्र हात थांबेना. स्वतःच्या लिखाणाबद्दल तीस वर्षं मनात साठलेलं सगळं त्यांनी बिचाऱ्या देवदत्तांच्या तोंडी घातलं होतं.

"हे इतिवृत्त असं कायम होणार नाही," शुभाताई म्हणाल्या. "सुगंधा, तू परत सांग. मधुकरराव, तुम्ही लिहा. ती सांगते तसंच लिहायचं. आशय नको."

मधुकररावांनी पेनाचं टोपण काढलं.

"माझे बाबा," सुगंधा म्हणाली, "जयवंत गावडे. कापडगिरणीत होते, लालबागला. आता अंथरुणावर असतात. दिवसातले कितीतरी तास झोपेत. आणि जागे झाले की घाबरायचे. गिरणीतली माणसं दिसायची त्यांना पायथ्याशी. गेलेली माणसं. ओरडायचे, रडायचे, आपल्याला वेड लागलं म्हणायचे. लिहिताय ना काका?"

"हो."

"मी वाचून दाखवायला म्हणून हे पुस्तक नेलं. रोज एक प्रकरण. पाचवं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते जागे झाले आणि ओरडलेच नाहीत. मला म्हणाले, 'बंदरार जावन इलंय.' कोण भेटलं म्हटलं, तर चार नावं सांगितली. सगळी साच्यावरची, त्यांच्या बाजूच्या मागांवरची माणसं. हसत होते सांगताना." तिने पर्सची चेन ओढून बंद केली. "आता रोज सांगतात, आज कोण भेटलं ते. घाबरत नाहीत. डॉक्टर म्हणाले, औषध तेच आहे. मी म्हटलं, असू दे."

पेन पानावरून सावकाश चाललं होतं. 'घाबरत नाहीत' पाशी ते अडखळलं. मधुकररावांनी टीपकागद घेतला, शाई वाळलेली असतानाही तो दाबून धरला, आणि मग पुढे लिहिलं.

"आणि एक. मागच्या वेळी विचारायचं राहिलं. शेवटी ईशा जागी होते, पण नावाडी तिथेच कंदील घेऊन उभा. त्याचं पुढे काय झालं? बाबा रोज विचारतात, 'गो, त्या नावाड्याचा पुढे काय झाला?' मी सांगते, तेवढंच लिहिलंय बाबा. तर म्हणतात, 'असा कसा? त्येका कोण घरी नेतला?'"

मधुकररावांचा पाय पिशवीला लागला. वह्या कलंडल्याचा आवाज झाला.

"लेखकाला विचारू या की," तेजल म्हणाली. "असेल कोणीतरी पंचविशीतला मुलगा. इन्स्टावर शोधते."

"इन्स्टावर नको," शुभाताई म्हणाल्या. "कट्ट्यातर्फे रीतसर पत्र जाऊ दे." त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, नवीन मजकूर वाचला, मागचं देवदत्तांचं अकरावं प्रकरण पुन्हा एकदा वाचलं आणि खाली सही केली. "पत्र मधुकररावच लिहितील. पत्ता त्यांना सापडेल." मग रजिस्टर मिटून त्या पुढच्या पुस्तकाकडे वळल्या.

मधुकररावांचे कान तापले. पुढच्या पुस्तकाबद्दल कोण काय बोललं, ते त्या दिवशी त्यांच्या कच्च्या टिपणात फारसं उतरलं नाही.

बैठक संपली तेव्हा सुगंधा घाईने निघाली. बाबांजवळ शेजारीण बसलेली होती. मधुकरराव तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले, परत फिरले, पिशवी उचलली आणि पुन्हा जिन्यावर आले.

"सुगंधाताई."

ती तीन पायऱ्या खाली थांबली.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि सगळ्यात वरची वही काढली. मग ती आत ठेवून तळाची काढली. तिच्यावर एक हा आकडा होता. "हे बाबांना वाचून दाखवता येईल. म्हणजे, दाखवायलाच हवं असं नाही. अक्षर लागेल ना?"

सुगंधाने तिथेच वही उघडली. गिरणी बंद झाली होती आणि जिन्यात पिठाचा गरम वास भरला होता. तिने पहिली ओळ ओठांतल्या ओठांत वाचली. कंदिलातलं तेल संपायला आलं, तरी नावाडी धक्क्यावरून हलला नव्हता. तिने वर पाहिलं.

"हे कोणाचं?"

"आहेत एक. ओळखीचे."

ती त्यांच्या शाई लागलेल्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने वही पर्समध्ये न ठेवता छातीशी धरली.

"त्यांना सांगा, बाबांना फार दम नाही," ती म्हणाली. "पुढची वही लवकर लागेल."

खाली रद्दीवाला दुकानात येऊन बसला होता. "काका, काय द्यायचं होतं?" त्याने पिशवी पाहून विचारलं. मधुकररावांनी नकारार्थी मान हलवली आणि जवळजवळ पळतच रस्ता ओलांडला.

दार वनमालाबाईंनी उघडलं. त्यांनी काही न विचारता पिशवी हातात घेतली, उचलून वजन पाहिलं आणि ओट्यावर ठेवून वह्या मोजल्या.

"सहाच?"

"एक वाचायला गेलीय."

वनमालाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. वह्या परत पिशवीत भरल्या, बंदांची गाठ मारली आणि पिशवी मधुकररावांच्या लिहिण्याच्या टेबलाजवळच्या खुंटीला अडकवली.

"राहू दे तुमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "मी भाजीला दुसरी शिवते."