लोण्याशेजारची माशी

माशीने उजवा पुढचा पाय उचलला, डाव्यावर दोनदा घासला आणि तसाच अधांतरी ठेवला. फ्रीजमधून काढल्यावर सगळ्यात आधी हाच पाय हलतो, हे लुसिलच्या लक्षात आलं होतं. मग थोडाच वेळ मिळतो. अंगात ऊब आली की माशी डबीच्या भिंतींवर आपटायला लागते.

तेवढ्यात तिने चार फोटो काढले, झाकण लावलं आणि डबी परत फ्रीजमध्ये ठेवली.

"तिसरा दिवस," तिचा नवरा आर्मांड टेबलाशी बसून म्हणाला. "लोण्याच्या शेजारी राहते. भाडं तरी घे तिच्याकडून."

"तिच्याकडून नाही, त्याच्याकडून. नर आहे."

"मग दुप्पट घे."

तो थट्टा करत होता, पण नजर समोरच्या वाडग्यावर होती. वाडग्यात मोठ्या रेशमी पतंगाची अंडी होती. दरवर्षी तो अळ्या घरामागच्या रानचेरीच्या झाडांवर सोडायचा आणि शरद ऋतूत कोश गॅरेजमध्ये आणून ठेवायचा. या वसंतात एका कोशातून पतंग निघाला. दुसऱ्यातून पतंगाऐवजी माश्या निघाल्या. त्यांच्या अळ्यांनी आतला पतंग खाऊन टाकला होता. लुसिलने नेहमीप्रमाणे फोटो काढून माश्या खिडकीतून सोडल्या. ही एक उशिरा निघाली म्हणून राहिली.

फोटोसाठी तिने आजवर काही मारलं नव्हतं. गावच्या वाचनालयात ती फोटोग्राफी शिकवायची, तिथे पहिलं वाक्यच ते असायचं.

फोन वाजला. आयरीन होती. ती संग्रहालयात माश्या ओळखायची आणि लुसिलच्या फोटोंना वर्षानुवर्षं नावं देत आली होती.

"फोटो सुंदर आहेत," आयरीन म्हणाली. "कॅलेंडर काढ. नाव मात्र मिळणार नाही."

"खालून काढू का?"

"अगं, खालून काढ, वरून काढ, पोज द्यायला लाव. अशा माशीच्या दोन जाती आहेत आणि त्या दिसायला जुळ्या आहेत. नराच्या पोटाचं टोक कापून, उकळून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

"तिला विचार," आर्मांड मोठ्याने म्हणाला, "अळ्या झाडावर सोडू की नको?"

"ऐकलं," आयरीन म्हणाली. "इथली जुनी माशी असेल तर खुशाल सोड. तिचं आणि पतंगांचं पूर्वीपासून चालत आलंय. पण बाहेरून आणलेली असेल, तर ती दिसेल ती अळी धरते. मग तू झाडांवर तिचं जेवण वाढशील. लुसिल, डबी रात्रभर वर फ्रीजरमध्ये ठेव आणि पाठवून दे. त्याला काही कळणारही नाही."

"कळत नाही हे तुला कसं माहीत?"

"नाही माहीत," आयरीन म्हणाली. "पण तो जितका आपटेल तितके त्याचे केस झडतील, आणि ओळखायला तेही लागतात. मग मेला तरी माझ्या उपयोगाचा नाही."

फोन ठेवून लुसिलने स्वच्छ कप पुन्हा धुतला. गॅरेजपर्यंत जाऊन, काहीच न घेता परत आली. मग डबी काढून खिडकीपाशी गेली आणि खिडकी वर केली. लायलॅकच्या फुलांचा वास आत आला. अंगठा झाकणाच्या कडेवर होता. आत पाय उचलला गेला, खाली आला, आणि भणभण सुरू झाली.

"सोडतेस?" आर्मांडने विचारलं.

"बघतेय."

"तीन दिवस बघतेयस, बाई. इकडे ये, हे बघ."

वाडग्यात एक अंडं फुटलं होतं. नखाएवढीही नसलेली काळी अळी कडेवर चढून डोकं इकडेतिकडे फिरवत होती. पान शोधत होती.

"आज हिला फांदी तोडून घालतो," तो म्हणाला. "अशा शंभर निघाल्या की काय करू?"

तिने डबी उजेडात धरली. माशी आपटत होती, आणि तळाच्या पांढऱ्या कागदावर एक राठ काळा केस पडला होता. सकाळच्या फोटोत तो माशीच्या पाठीवर होता.

लुसिलने खिडकी खाली ओढली.

"आर्मांड," ती म्हणाली, "फ्रीजरमधले मटार जरा बाजूला सरकव. ही डबी तिथे ठेवायची आहे."